मेलेल्या माणसाची तीन मतं

डोळा लागतोय हे मला कळतंय. दुपारचे तीन वाजलेत. पुढच्या खोलीतल्या खुर्चीत मी पाय वर घेऊन बसले आहे, मांडीवर प्रुफांचा गठ्ठा आहे आणि ओळी एकमेकींत शिरायला लागल्यात. बाहेर भंगारवाला ओरडत चाललाय. त्याचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो आणि तिथंच थांबतो, पुढं जात नाही. आवाज असे जागच्या जागी थांबले की समजायचं, आपण झोपेत शिरलो.

"कुठवर आलीस?" सर विचारतात.

समोरच्या दिवाणावर डॉ. पद्माकर औंढेकर बसलेत. त्यांना जाऊन अकरा महिने झाले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पाय अनवाणी. मला भीती वाटत नाही. मला वाटतं ते एवढंच, की बरं झालं आलात, कितीतरी दिवस वाट बघत होते.

"एकशे नव्वदाव्या पानावर," मी म्हणते.

"सावकाश वाच. तुझी नजर बारीक आहे."

हे वाक्य मी आधी ऐकलेलं आहे. कुठं, ते आठवेपर्यंत दिवाणाची चादर बदललेली असते. खोली माझी राहिलेली नसते. वसमत रोडवरचं सरांचं घर आहे, १९९० साल आहे, आणि मी बत्तीस वर्षांची कालिंदी धारूरकर, त्यांच्यासमोर वेताच्या खुर्चीच्या कडेवर बसले आहे.

सर कोण, ते सांगायला हवं. परभणीत मी ज्या कॉलेजात शिकले आणि पुढं शिकवलं, तिथं ते राज्यशास्त्राचे विभागप्रमुख. माझ्या पीएच.डी.चे मार्गदर्शक. विषय मीच निवडला होता: अमेरिकेचे अध्यक्ष कसे निवडले गेले, पहिल्या निवडणुकीपासून आजपर्यंत. परभणीत बसून अमेरिका कशाला, असं घरीदारी सगळे विचारायचे. पण मला वेड लागलं होतं. एवढा मोठा देश, दर चार वर्षांनी भांडतो, रडतो, एकमेकांच्या बायकापोरांची निंदानालस्ती करतो आणि शेवटी मतं मोजून एका माणसाला घरात घेतो, दुसऱ्याला घरी पाठवतो. मुंबईच्या अमेरिकन लायब्ररीत जाऊन मी वह्याच्या वह्या उतरवल्या. दादरला मावशीकडे उतरायचे, रात्रीच्या एसटीनं परत यायचे. सहा वर्षं. सहाशे चाळीस फुलस्केप पानं. ती वह्यांसकट सरांकडे दिली आणि सर म्हणाले, भाषा अजून सुधारायला हवी. एक वर्ष म्हणाले. दोन वर्षं म्हणाले.

आता वहिनी, सरांच्या पत्नी, आतून मुरमुऱ्यांच्या सुशीलाच्या बशा घेऊन येतात. वर शेंगदाणे, कोथिंबीर. सर टेबलाच्या खणातून लांबलचक कागदांची गुंडाळी काढतात.

"माझं पुस्तक छापायला गेलंय," ते म्हणतात. "प्रुफं तूच बघ. तुझी नजर बारीक आहे."

मी गुंडाळी उलगडते. पहिलं वाक्य माझं. दुसरं माझं. तिसऱ्यात त्यांनी एक 'तथापि' घातलाय. वर मोठ्या अक्षरात, डॉ. पद्माकर औंढेकर.

वहिनी माझ्याकडे बघतात आणि लगेच बशीकडे बघतात. "खा गं," त्या म्हणतात. "गार होईल."

मी कॉलेजात हंगामी होते. कायम करायचा कागद सरांच्या सहीवाचून हलत नव्हता. वडील वारले होते, मागे दोन बहिणी होत्या. मी सुशीला खाल्ला. आज स्वप्नातही खाते. तोंडात मुरमुरे फुगत जातात, गिळले तरी संपत नाहीत.

"कालिंदी," सर म्हणतात, "प्रस्तावनेत तुझा उल्लेख केलाय."

केला होता. 'मुद्रितशोधनाचे काम कु. धारूरकर यांनी आस्थेने केले.' आस्थेने. हा शब्द मी चौतीस वर्षं तोंडात घोळवला आहे. पुस्तकाला राज्याचा पुरस्कार मिळाला. ते अभ्यासक्रमाला लागलं. मी कायम झाले, आणि निवृत्त होईपर्यंत दर वर्षी, हातात ते पुस्तक धरून, माझीच वाक्यं 'औंढेकर सर असं म्हणतात' असं सांगत मुलांना शिकवली.

कुठंतरी घंटा वाजते. लांबलचक, कॉलेजच्या घंटेसारखी. मी उठते. दार उघडते तर समोर लायब्ररी, आणि मधल्या मोठ्या टेबलाच्या या बाजूला माझी खुर्ची, त्या बाजूला सरांची. त्यांची खुर्ची बुटकी आहे. टेबलावर त्यांची फक्त मान आणि हात दिसतात.

"हे काय आहे?" ते विचारतात.

"तुमची तोंडी परीक्षा," मी म्हणते. "माझी कधी झालीच नाही. म्हटलं तुमची तरी घेऊ. सांगा, १८२४ साली काय झालं?"

सर घसा खाकरतात. "जॅक्सनला सगळ्यांत जास्त मतं पडली. पण निम्म्याहून जास्त नाही. मग निवड प्रतिनिधिगृहाकडे गेली आणि तिथं अ‍ॅडम्स अध्यक्ष ठरला. जॅक्सन घरी गेला आणि घराचं दार उघडायच्या आत पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागला."

"शेवटचं वाक्य कुणाचं?"

ते खिशातल्या एका पेनाचं टोपण काढतात आणि परत लावतात.

"कुणाचं?"

"तुझं."

"कुठं लिहिलं होतं?"

"ते मला कसं माहीत असणार?"

"पुस्तक तुमचं ना? मला माहीत आहे. जिंतूरच्या अलीकडे एसटीचा टायर फुटला होता. सगळे खाली उतरले. मी रस्त्याकडेच्या दगडावर बसून, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं. शेजारी एक बाई तिच्या लेकराला ज्वारीची भाकरी भरवत होती. पुढं सांगा. १८२८?"

"जॅक्सन जिंकला."

"आणि?"

"प्रचारात त्याच्या बायकोबद्दल वाटेल ते बोललं गेलं होतं. तो निवडून आला आणि पदावर बसायच्या आत ती वारली. त्यानं... त्यानं त्या लोकांना कधी माफ केलं नाही."

"हे पान लिहिताना मी रडले होते," मी म्हणते. "आणि तुम्ही त्या पानावर एका संमेलनात टाळ्या घेतल्या. मी तिसऱ्या रांगेत होते. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, काय बाई सरांचं अंतःकरण!"

मला हसू येतं. सर हसत नाहीत. ते टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकतात. मला आता थांबता येत नाही. मी विचारत सुटते. १८०० साली बरोबरी कुणाकुणात झाली, कितीदा मतदान झालं, छत्तिसाव्या खेपेला काय झालं. ते एकेक उत्तर देतात, आणि प्रत्येक उत्तरात माझं एक वाक्य निघतं. प्रत्येक वाक्यापुढं मी विचारते, कुणाचं? ते म्हणतात, तुझं. मला ते पुरत नाही. मी म्हणते, मोठ्यानं. ते मोठ्यानं म्हणतात, तुझं. तरी पुरत नाही.

"१८७२," मी म्हणते.

सरांचे हात टेबलावर थांबतात.

"सांगा. अध्यक्षपदाला उभा राहिलेला ग्रीली, वर्तमानपत्राचा संपादक. लोकांचं मतदान झालं, तो हरला. पुढं काय?"

"निकालानंतर महिन्याच्या आत तो वारला," सर अगदी हळू म्हणतात. "लोकांनी निवडलेल्या निर्वाचकांनी अध्यक्षासाठी अजून मतं द्यायची होती. त्याच्या वाटचे निर्वाचक गोंधळले. बहुतेकांनी दुसऱ्याच कुणाला मतं दिली. जॉर्जियातल्या तिघांनी मात्र मेलेल्या ग्रीलीलाच दिली."

"आणि ती तीन मतं?"

सर माझ्याकडे बघतात. लायब्ररीतली कपाटं मागं सरकत जातात, आणि टेबलाच्या जागी वर्ग येतो. माझाच वर्ग, सोळा नंबरची खोली, उतरते बाक. बाकांवर माझी सगळी मुलं आहेत, दर वर्षीची, एकाच वेळी. दाटीवाटीनं बसलीत आणि खाली मान घालून लिहितायत. काय लिहितायत ते मला इथून वाचता येतं. 'काँग्रेसने ही तीन मते मोजली.'

खरं म्हणजे काँग्रेसनं, तिथल्या संसदेनं, ती मोजली नाहीत. मेलेल्या माणसाला दिलेलं मत मत नव्हे, असं ठरवून बाजूला काढली. मी वहीत तसंच लिहिलं होतं: 'काँग्रेसने ही तीन मते मोजली नाहीत.' १९९० साली ती प्रुफं मी घरी नेली. सहा दिवस, चारशे अठरा पानं, एक वेलांटी चुकू दिली नाही. सातव्या दिवशी पुन्हा पान दोनशे अकरा काढलं आणि 'नाहीत'वर लाल रेघ मारून समासात गाळायची खूण केली. कायम नोकरीपुढं मला एवढंच करता आलं. पुरस्कार घ्या, संमेलनं करा, पण तुमच्या पुस्तकात माझ्या हातचं एक खोटं आहे, ते तुमच्या नावावर जन्मभर राहील.

तिसऱ्या बाकावरून एक हात वर होतो. सोपान घुगे. तेव्हाचाच चौकड्यांचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस.

"मॅडम," तो म्हणतो, "पुस्तकात तर असंच आहे ना?"

सोपान स्पर्धा परीक्षेत मुलाखतीपर्यंत पोचला होता. तिथं कुणीतरी हाच प्रश्न विचारला. सोपान म्हणाला, मोजली. समोरचे म्हणाले, नाही. सोपाननं पुस्तकाचं नाव सांगितलं, पान सांगितलं, वाद घातला. त्याला वाटलं त्या वादानंच घात केला. खरंखोटं कोण जाणे. तो परत आला तो थेट माझ्या घरी आला, दारातच उभा राहून त्यानं हे विचारलं होतं. मी म्हणाले होते, "हो सोपान, पुस्तकात तसंच आहे." एवढंच. खरं सांगायला तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"सोपानला काय सांगू?" मी सरांवर ओरडते. "या पोराला काय सांगू मी?"

"कोण सोपान?" सर विचारतात. त्यांचा आवाज बारीक झालाय, दुरून आल्यासारखा.

हे ऐकल्यावर माझ्या अंगाचा भडका उडतो. "कोण सोपान? तुला सोपान माहीत नाही?" मी सरांना अरे-तुरे करते आहे. बाकांवरची सगळी मुलं मान वर करून बघतात. "तुला एकाही पोराचं नाव माहीत नव्हतं. तू पुस्तक लिहिलं नाहीस, तू ते शिकवलं नाहीस, तू ते वाचलंस तरी का, असं विचारायला हवं!"

"वाचलं," सर म्हणतात. "मी तर दुसरं काहीच वाचलं नाही गं."

वर्ग राहिलेला नाही. आम्ही कॉलेजच्या जिमखान्यात आहोत. इथं विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीची मतमोजणी व्हायची. आता जमिनीवर, बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघांवर, पुस्तकाची सुटी पानं मांडलीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सर गुडघ्यांवर बसलेत. एका पानावर वाकून, ओळीखाली बोट धरून, शब्दाशब्दावर थांबत वाचतायत. संपलं की गुडघ्यांवरच पुढच्या पानाकडे सरकतात.

"पुण्याहून एका वाचकाचं कार्ड आलं होतं," ते मान वर न करता सांगतात. "पुस्तक आलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी. दोनशे अकरा पानावर चूक आहे म्हणून. मी तुझी वही काढून बघितली. तुझ्या अक्षरात 'नाहीत' होतं. तेव्हा मला कळलं."

"मग सुधारलं का नाहीत?" मी पुन्हा अहो-जाहोवर येते.

"एक सुधारली असती. बाकीच्यांचं काय?" ते पुढच्या पानाकडे सरकतात. "माझ्याकडे तपासायला होतं काय? तुझ्या वह्याच. त्यांतही तू आधीच काही घालून ठेवलं असशील तर? मला इंग्रजी मूळ ग्रंथ माहीत नव्हते, ते तू वाचलेले. मला प्रत्येक सालाची भीती वाटायला लागली. प्रत्येक आकड्याची. भाषणात आकडे सांगणं मी सोडून दिलं, ते तुझ्या लक्षात आलं नाही?"

आलं होतं. एक्याण्णव-ब्याण्णवनंतर सर व्यासपीठावर नुसतं 'त्या काळी' म्हणायचे, 'एका निवडणुकीत' म्हणायचे. आम्हाला वाटायचं, मोठी माणसं तपशिलात शिरत नाहीत.

म्हणजे लागलं होतं. मी मारलेली ती एक रेघ जिथं लागायला हवी होती तिथंच लागली होती, आणि इतकी वर्षं आतल्या आत ठसठसत होती, आणि मला पत्ताच नव्हता. माझ्या छातीत काहीतरी उबदार पसरत जातं. याला आनंद म्हणायची मला लाज वाटायला हवी. वाटत नाही.

सर माझ्या पायाशी येऊन थांबतात. बोट अजून ओळीखालीच आहे. बोटाचं टोक झिजून गुळगुळीत झालंय.

"कालिंदी," ते म्हणतात. मग थांबतात. "कालिंदीबाई. तुम्ही सांगा. आणखी किती आहेत?"

सगळ्या जन्मात त्यांनी मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलंय.

मी एकच शब्द काढला होता. दुसरी चूक नाही. हे सांगितलं तर ते उठतील, गुडघे झटकतील आणि जातील. 'एकच' एवढं म्हणायचं आहे. माझ्या जिभेवर तो शब्द तयार आहे.

"शोधा," मी म्हणते.

"बाई..."

"शोधा की. चारशे अठरा पानं आहेत. तुम्हाला आता काय कमी आहे, वेळच वेळ आहे. सापडली की मला सांगा."

ते मान खाली घालतात आणि पुढच्या पानाकडे सरकतात. जमिनीवर गुडघे घासल्याचा आवाज येतो. तो आवाज वाढत जातो, खरखरत जातो, माझ्या डाव्या कानात शिरतो.

मी डोळे उघडते.

पंखा चालू आहे. प्रुफं जमिनीवर घसरलीत. माझी मान वाकडी झालीय आणि डावा गाल गरम लागतोय. गाल आणि खांद्याच्या मध्ये काहीतरी घट्ट दाबलेलं आहे. मोबाइल. मी तो काढून बघते. पडद्यावर नाव आहे, मंजिरी औंढेकर. खाली आकडे पळतायत. सव्वीस मिनिटं. सत्तावीस.

मंजिरी म्हणजे सरांची मुलगी, नाशिकला डॉक्टर आहे. अमेरिकेत निवडणूक आली म्हणून प्रकाशकाला नवी आवृत्ती काढायची होती. बाबा नेहमी तुमचं नाव घ्यायचे, तपासून प्रस्तावना तुम्हीच लिहा, असं म्हणून ही प्रुफं तिनंच मला पाठवली होती. तिनं फोन केला असणार आणि मी झोपेतच तो उचलला असणार.

मी फोन पुन्हा कानाला लावते. पलीकडे श्वास ऐकू येतो.

"मंजिरी?"

"हो, ताई." तिचा आवाज जड झालाय. "मला फोन ठेवता आला नाही."

"किती ऐकलंस?"

"तुम्ही जेवढं बोललात तेवढं. सगळं. मध्ये मी एकदाच बोलले. कोण सोपान, एवढं विचारलं. मग तुम्ही इतक्या ओरडलात की मी गप्पच बसले."

"झोपेत होते गं मी."

"माहीत आहे. पण ते खोटं नाही ना, ताई?"

मी म्हणते, खोटं नाही. वह्यांचं सांगते, प्रुफांचं सांगते. तिच्या वडिलांबद्दल इतक्या वर्षांनी असं मोठ्यानं बोलताना मला हलकं वाटेल असं मी कायम धरून चालले होते. मंजिरी ऐकून घेते. मध्ये एकदाही 'बाबा असे नव्हते' म्हणत नाही. मग म्हणते, "प्रस्तावनेत हे सगळं लिहा. मी एक ओळही कापू देणार नाही."

आणि पुढं म्हणते, "शेवटचे सहा महिने बाबा रोज तेच पुस्तक घेऊन बसायचे. ओळीखाली बोट धरून, पहिल्या पानापासून. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. दवाखान्यातसुद्धा. नर्स हसायच्या. आम्हाला वाटायचं, आपल्या हातचं काम, माया असते माणसाची."

ओळीखालच्या त्या बोटाचं मी झोपेतही काही बोलले नव्हते. मला ते माहीतच नव्हतं.

"ताई," मंजिरी विचारते, "आणखी किती आहेत?"

तिला मी 'शोध' असं म्हणू शकत नाही. तिनं माझं काय घेतलं होतं?

"एकच," मी म्हणते. "पान दोनशे अकरा. एकच शब्द."



"एकच?" ती म्हणते. "एवढ्या एका शब्दासाठी?" आणि मग ती रडायला लागते, एकटीच राहणारी माणसं रडतात तशी, आवाज न आवरता. मी तिला गप्प करत नाही. फोन कानाला लावून शेवटपर्यंत ऐकते.

नंतर तोंड धुवायला मोरीत जाते आणि आरशात बघते. डाव्या गालावर, कानापासून ओठापर्यंत, मोबाइलच्या कडेची सरळ लाल रेघ उमटली आहे. पाणी मारते, चोळते, पदरानं पुसते. संध्याकाळी दूधवाला येतो, बघतो आणि विचारतो, "काय लागलं, मॅडम?"

"काही नाही," मी म्हणते. रेघ अजून तशीच आहे.